मराठी कॅथलिक विचार आणि आधुनिक अश्रद्धा : संगीत, तत्त्वज्ञान व आचार या तीन अंगांनी एक विचार

१

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ख्रिस्ती साहित्याचा परामर्श सामान्यतः दोन टप्प्यांत घेतला जातो. पहिला टप्पा फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'चा (१६१६), तर दुसरा बाबा पदमनजी, रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचा. यांपैकी दुसरा टप्पा प्रॉटेस्टंट मिशनांच्या प्रभावक्षेत्रातला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅथलिक परंपरेतील व्यक्तींनी आधुनिक महाराष्ट्राकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हा प्रश्न मात्र बव्हंशी बाजूलाच राहतो. प्रस्तुत निबंधात या दृष्टीचा विचार संगीत, तत्त्वज्ञान आणि सार्वजनिक आचार या तीन अंगांनी करावयाचा आहे. आणि तो करताना अश्रद्धा, म्हणजेच ईश्वराच्या अस्तित्वाविषयीचा विचारपूर्वक नकार वा संशय, हा मध्यवर्ती मुद्दा मानावयाचा आहे.

असे करण्यास कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातील धार्मिक वाद हा प्रामुख्याने 'कोणता धर्म खरा' या प्रश्नाभोवती फिरत होता. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात झालेले वाद हे त्याचे ठळक उदाहरण होय. या वादात दोन्ही पक्षांना ईश्वर मान्य होता. गोपाळ गणेश आगरकर (१८५६-१८९५) यांच्या लेखनापासून प्रश्नच बदलला. कोणता धर्म खरा, याऐवजी धर्मकल्पनेचा उगम कशात आहे आणि तिच्यावाचून नीती संभवते की नाही, असे विचारले जाऊ लागले. या नव्या प्रश्नाला मराठीतून श्रद्धावंतांनी काय उत्तर दिले, ही वाङ्मयीन आणि वैचारिक इतिहासाची एक महत्त्वाची बाब आहे.

२

कॅथलिक धर्मसभेची या संदर्भातील भूमिका दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (१९६२-१९६५) बदललेली दिसते. ७ डिसेंबर १९६५ रोजी संमत झालेल्या, आधुनिक जगातील धर्मसभेविषयीच्या दस्तऐवजात १९ ते २१ हे परिच्छेद निरीश्वरवादाला वाहिलेले आहेत. परिषद निरीश्वरवाद अमान्य करते, यात संदिग्धता नाही. तथापि त्याची कारणमीमांसा करताना ती दोषाचा एक वाटा श्रद्धावंतांच्याच पदरात टाकते. धर्मशिक्षणाची हेळसांड, सिद्धान्ताची सदोष मांडणी आणि धार्मिक, नैतिक व सामाजिक जीवनातील उणिवा यांमुळे श्रद्धावंतच ईश्वराचे खरे रूप झाकून टाकतात, असा तिचा आशय आहे. याच दस्तऐवजातील छत्तिसाव्या परिच्छेदात ऐहिक व्यवहारांची व विज्ञानांची रास्त स्वायत्तता मान्य करण्यात आली आहे. तत्पूर्वी ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत झालेल्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषांना आणि त्या त्या लोकांच्या संगीतपरंपरांना उपासनेत स्थान दिले होते. ग्रेगोरियन गायनाचे अग्रस्थान कायम ठेवून इतर संगीताला दार उघडले होते. मराठी प्रदेशातील पुढील घडामोडी या दोन दस्तऐवजांच्या पार्श्वभूमीवर समजून घ्याव्या लागतात.

३

संगीताच्या क्षेत्रात मराठी भूमीला ही दृष्टी सर्वस्वी नवी नव्हती. स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचताना ओवी हा छंद निवडला, तो वाचनाबरोबर गायनासाठीही. पुराणश्रवणाची सवय असलेल्या समाजाला बायबलमधील कथा परक्या वाटू नयेत, हा त्यामागील हेतू स्पष्ट आहे. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषांच्या वापराविरुद्ध काढलेल्या फर्मानानंतर या परंपरेची वाढ खुंटली. तरी हस्तलिखितांच्या रूपाने ती टिकून राहिली, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी 'क्रिस्तपुराण' देवनागरीत संपादित करून मराठी अभ्यासकांपुढे ठेवले. परिषदेनंतर मराठीतून मिस्सा होऊ लागली आणि पेटी-तबल्याच्या साथीने भक्तिगीते गायिली जाऊ लागली, तेव्हा एका जुन्या धाग्याचेच टोक पुन्हा हाती आले, असे म्हणता येईल.

याहून निराळा असा आणखी एक प्रवाह आहे. गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचणे आणि व्हायोलिन वाजविणे शिकविले जाई. या शिक्षणातून तयार झालेले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचा कणा बनले. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) हे त्यांपैकीच एक. प्यारेलाल यांचे ते व्हायोलिनचे गुरू. १९५८ साली त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणात आपल्या 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा'चा कार्यक्रम सादर केला. रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न होता आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे यांचा सहभाग होता. उपासनेसाठी घडविलेले कौशल्य येथे कोणतीही धार्मिक अट न घालता लौकिक संस्कृतीच्या स्वाधीन झाले. ऐकणाऱ्याने काय मानावे, हा प्रश्न या संगीताने विचारला नाही. श्रद्धावंत आणि अश्रद्ध यांची भेट संगीतात सर्वांत सहजपणे झाली, ती यामुळेच. मात्र ज्या भेटीत कोणताही प्रश्न विचारला जात नाही, तिच्यात उत्तर देण्याचीही गरज पडत नाही, ही तिची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी.

४

प्रश्न विचारण्याचे क्षेत्र तत्त्वज्ञानाचे. या क्षेत्रात येशूसंघीय अभ्यासकांनी केलेले कार्य मोलाचे आहे. फ्रेंच येशूसंघीय गी दलरी यांनी १९५६ साली तुकारामांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले. विठ्ठलसंप्रदायावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. सोलापूर जिल्ह्यात, टेंभुर्णीहून पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील गावांत जो हरिपाठ आणि जी दिंडी नित्याच्या अनुभवाचा भाग आहे, ती एका कॅथलिक धर्मगुरूने परिषदेच्या आधीच अभ्यासाचा व आदराचा विषय केली होती, ही गोष्ट उल्लेखनीय आहे. जर्मन येशूसंघीय मॅथ्यू लेडर्ले यांनी पुण्याच्या शनिवार पेठेतील 'स्नेहसदन' या केंद्राच्या द्वारे धर्मसंवादाचे काम केले. आधुनिक महाराष्ट्रातील तत्त्वज्ञानविषयक प्रवाहांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. एका धर्मगुरूने ग्रंथविषय म्हणून स्वधर्माची थोरवी न निवडता महाराष्ट्राची आधुनिक विचारपरंपरा निवडावी, यातच परिषदोत्तर दृष्टीची खूण पटते.

परंतु या दोन्ही अभ्यासकांच्या कार्याविषयी एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. त्यांचे प्रमुख ग्रंथ मराठीविषयी आहेत, मराठीत नाहीत. 'सुधारका'च्या (१८८८) वाचकाशी आगरकर मराठीत बोलले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी 'जडवाद' आणि 'हिंदुधर्माची समीक्षा' हे ग्रंथ मराठीत लिहिले. संशयाची आणि नकाराची भाषा अशा रीतीने मराठीत घडत गेली, तिला परिभाषा लाभली, युक्तिवादाचे वळण लाभले. तिच्याशी समोरासमोर बोलू शकेल असे कॅथलिक तत्त्वचिंतन मात्र इंग्रजीत वा फ्रेंचमध्ये राहिले. त्यामुळे वाद झालाच नाही; दोन पक्ष दोन भाषांत शेजारी शेजारी नांदत राहिले.

दुसरीही एक अडचण आहे, आणि ती अधिक खोल आहे. युरोपातील निरीश्वरवाद बऱ्याच अंशी धर्मसभेच्या सत्तेला सामोरा जाऊन वाढला. महाराष्ट्रातील अश्रद्धा बालविवाह, केशवपन आणि जातिभेद यांच्याशी झुंजताना घडली. येथील निरीश्वरवादी हा सुखलोलुप वा हताश मनुष्य नाही. मोठ्या पगाराची आशा सोडून शिक्षणकार्य पत्करणारे आगरकर हे त्याचे आदर्श रूप आहे. परलोकातील फळाची अपेक्षा न धरता केलेला नैतिक आचार हे या परंपरेचे बलस्थान होय. 'ईश्वर नसेल तर नीतीला आधार उरत नाही' हा युरोपातून आलेला युक्तिवाद येथे आगरकरांच्या चरित्रावरच येऊन अडतो.

५

याच ठिकाणी फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४) यांच्या कार्याचे महत्त्व प्रकट होते. वसईच्या 'सुवार्ता' मासिकाचे संपादक म्हणून त्यांनी १९८३ ते २००७ या काळात ख्रिस्ती समाजाचे नियतकालिक व्यापक मराठी वाचकवर्गापर्यंत नेले. 'सुबोध बायबल', 'ओॲसिसच्या शोधात', आत्मकथन 'नाही मी एकला' ही त्यांची ग्रंथसंपदा मराठीत आहे, आणि ती मराठी साहित्याचा भाग म्हणूनच वाचली गेली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हरित पट्ट्यावर बांधकाम व्यवसायाचे आणि गुंडगिरीचे संकट आले, तेव्हा उभ्या राहिलेल्या लोकचळवळीचे ते एक अग्रणी होते. या चळवळीत सहभागी होण्यासाठी श्रद्धेची अट नव्हती. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. हा मान मिळविणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू होत. त्यांच्या निवडीला काही वर्तुळांतून झालेला विरोध पाहता, मराठी संस्कृतीच्या सीमा कोणी आखावयाच्या, हा प्रश्न त्या वेळी नव्याने पुढे आला होता, असे दिसते.

दिब्रिटो यांनी अश्रद्धेला दिलेले उत्तर मुख्यतः आचाराचे आहे. श्रद्धावंतांचे सदोष जीवन ईश्वराचे रूप झाकते, हे परिषदेचे निदान मान्य केले, तर निर्भय सार्वजनिक जीवन हे त्यावरील औषध ठरते. त्यांच्या कार्याची या दृष्टीने परिषदेच्या विचाराशी पूर्ण सुसंगती आहे. याच काळात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती (स्थापना १९८९) देव-धर्माला सरसकट विरोध न करता धर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणाला विरोध करीत होती. श्रद्धा आणि विवेक या दोन दिशांनी निघालेले हे दोन मार्ग पुष्कळ अंतर समांतर चालतात. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. तिच्यानंतर मतभेद व्यक्त करण्याचे स्वातंत्र्य ही श्रद्धावंत आणि अश्रद्ध या दोघांचीही समान गरज आहे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता उरली नाही.

तथापि आचाराने दिलेले उत्तर हे आगरकरांच्या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर नव्हे. आगरकरांचा प्रश्न श्रद्धावंत मनुष्य चांगला आहे की नाही, एवढाच नव्हता. तो जे मानतो ते खरे आहे काय, हाही होता. चांगुलपणाने आक्षेपाची धार बोथट होते, पण आक्षेप जागच्या जागीच राहतो. श्रद्धावंताने सत्याचा प्रश्न सोडून केवळ उपयुक्ततेवर समाधान मानले, तर धर्म हा समाजसेवेचा एक प्रकार तेवढा उरतो. आगरकरांना त्यावर काही आक्षेप असण्याचे कारण नव्हते. स्वतः श्रद्धावंताला मात्र असावयास हवे.

६

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, मराठी कॅथलिक विचाराचा आधुनिकतेशी झालेला संवाद तीन अंगांनी तीन भिन्न पातळ्यांवर पोहोचला. संगीतात तो सर्वांत सहज झाला, कारण तेथे सहमतीची गरज नव्हती. आचारात तो सर्वांत प्रभावी ठरला, कारण तो मराठीत आणि लोकांमध्ये झाला. तत्त्वज्ञानात तो सर्वांत सखोल असूनही मराठी वाचकापर्यंत पोहोचला नाही. स्टीफन्स यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी श्रद्धेसाठी मराठी भाषा घडविली. संशयाला उत्तर देणारी, त्याचे बळ मान्य करून त्याच्याशी युक्तिवाद करणारी मराठी भाषा त्यांच्या वारसांना अद्याप पुरेशी घडविता आलेली नाही.

ही उणीव केवळ एका अल्पसंख्य समाजाची नाही. आगरकरांना तुल्यबळ प्रतिवादी लाभणे, ही मराठी बुद्धिवादाचीही गरज आहे. कारण ज्या विचाराला कोणी गंभीरपणे उत्तर देत नाही, तो विचार हळूहळू घोषणेत रूपांतरित होतो. दलरी आणि लेडर्ले यांच्या ग्रंथांची मराठी भाषांतरे अभ्यासकांच्या हाती देणे आणि 'सुवार्ता'च्या जुन्या अंकांतील वैचारिक लेखनाचा पद्धतशीर अभ्यास करणे, ही दोन कामे मराठी विभागांतील संशोधकांनी हाती घेण्याजोगी आहेत. आगरकरांचे निबंध आणि हे लेखन पदव्युत्तर वर्गात एकाच मेजावर शेजारी शेजारी ठेवून वाचले गेले, तर जो वाद शतकभर झाला नाही, त्याचा आरंभ तेथून होऊ शकेल.