छंदाची वस्तू आणि तिचा हिशेब

हाताने चामड्याचे पाकीट शिवणारा आणि रंगीत पेन्सिलीने चित्र काढणारा असे दोघे छंदी एकत्र आले की एकमेकांना वस्तू दाखवणे आले, नमुने देणे-घेणे आले. पुढे कोणीतरी म्हणतो, "माझ्यासाठीही एक कर, पैसे देतो." व्यापार इथेच सुरू होतो आणि चूकही बहुधा इथेच होते. म्हणून आजच्या पाठात आपण छंदाच्या वस्तूचा हिशेब समजून घेऊ.

अहिल्यानगरला (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) या दोन्ही कला परक्या नाहीत. कापड बाजारालगतच्या मोची गल्लीचे नावच पुरेसे बोलके आहे. येथील महावीर कलादालनासाठी शिल्पकार प्रमोद कांबळे यांनी भारतातील शेकडो नामवंतांचे चेहरे नुसत्या पेन्सिलीने रेखाटले.

१) माल ओळखा. कमावलेले चामडे चौरस फुटावर विकले जाते. पाठीचा भाग घट्ट असतो, पोटाकडचा सैल. पट्टा पाठीतूनच कापावा. बाभळीची साल किंवा हिरडा वापरून कमावलेले चामडे ठसे आणि नक्षी चांगली धरते. क्रोमने कमावलेले मऊ राहते, पण त्यावर नक्षी नीट उठत नाही. खरेदी करताना जनावर कोणते ते विचारून पक्की पावती घ्यावी. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हणून माल म्हशीचा की बकऱ्याचा, हे कागदावर असलेले बरे.

चित्रकारानेही आपला माल तपासावा. काही गुलाबी व जांभळ्या पेन्सिलींचे रंग उन्हाने लवकर उडतात. कागदाच्या पट्टीवर सर्व रंग ओढावेत, अर्धी पट्टी झाकावी आणि ती दोन-तीन महिने खिडकीत ठेवावी. जो रंग उडाला, तो विक्रीच्या चित्रात वापरू नये.

२) मजुरी धरा. उदाहरण म्हणून पेन्सिली ठेवण्याची चामड्याची गुंडाळी घेऊ. दर केवळ समजण्यासाठी धरले आहेत, आपापल्या बाजाराप्रमाणे बदलावेत.

चामडे दीड चौरस फूट, १२० रुपये दराने : १८० रुपये
कापताना वाया जाणारे : ३६ रुपये
मेणाचा दोरा व बंद : ३४ रुपये
मजुरी ५ तास, ८० रुपये दराने : ४०० रुपये
एकूण : ६५० रुपये

छंदी माणूस फक्त मालाचे २५० रुपये मोजतो आणि गुंडाळी ३५० ला देऊन १०० रुपये सुटले म्हणून खूश होतो. प्रत्यक्षात त्याला तासाला २० रुपये पडले. त्याचे पोट दुसऱ्या नोकरीवर चालते, म्हणून त्याला हे जाणवत नाही. पण ज्या कारागिराने त्याला रापी धरायला आणि आरी चालवायला शिकवले, त्याच्याकडे उद्या गिऱ्हाईक म्हणते, "ते तर साडेतीनशेला देतात." आपला छंद गुरूच्या पोटावर येतो तो असा! वस्तू भेट द्यायची तर मोकळ्या मनाने भेट द्यावी. विकायची तर मजुरी धरूनच विकावी.

३) नमुना कोणाचा ते सांगा. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथे कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, पण मूळ कारागिरांचे नाव घेतले नाही. टीका झाल्यावर प्रेरणा भारतीय असल्याचे तिला मान्य करावे लागले. आपणही स्वतःला तपासावे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर हे चार जिल्हे आहेत, आपला जिल्हा नाही. म्हणून इथे केलेली चप्पल 'कोल्हापुरी' या नावाने विकू नये. चित्रांचेही तसेच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. दुसऱ्याच्या चित्रावरून सराव करावा, पण विक्रीपूर्वी परवानगी घ्यावी.

४) दोष आणि निगा सांगा. चामड्यावर जनावराच्या जखमेचा वण असेल तर आधी दाखवावा. पावसाळ्यात वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्यास बुरशी धरते, हेही सांगावे. मेणाच्या पेन्सिलीने दाट रंगवलेल्या चित्रावर कधी पांढुरका थर येतो. तो मऊ कापडाने हलकेच पुसता येतो. चित्राला काच लावावी, पण ती कागदाला टेकू देऊ नये.

५) अदलाबदलीचीही नोंद ठेवा. गुंडाळीच्या बदल्यात चित्र घेतले तरी दोन्हींची किंमत वहीत लिहावी. मैत्रीत कमीजास्त चालते, पण ते माहीत असून चालावे.

ज्यांचे पोटच चर्मकामावर आहे, त्यांनी २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेची चौकशी जरूर करावी. तिच्या १८ व्यवसायांत पादत्राणे बनवणारे कारागीर आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत विनातारण कर्जाची त्यात तरतूद आहे.

स्वाध्याय : आपण मागच्या वेळी विकलेली एक वस्तू आठवा. तिला किती तास लागले ते लिहा. मिळालेल्या पैशातून मालाचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेला तासांनी भागा. जो आकडा येईल, त्या मजुरीवर आपण दुसऱ्याला कामाला ठेवले असते का?