जुन्या प्रेसचे सुटे भाग

बाळा, काडतुसं पुन्हा भरायची जी हर्टर्स प्रेस तू लिलावात घेतलीस, तिचे फोटो बघितले. बिडाचं ओतकाम शाबूत आहे, कुठे तडा दिसत नाही. लिंकची पिन तुटलीय आणि प्रायमर बसवायचा हात हरवलाय, एवढंच. म्हणजे यंत्र नक्की चालू होईल. मिनेसोटातल्या वासीका गावची ती कंपनी बंद पडून चाळीसहून जास्त वर्षं झाली, तेव्हा भाग आपणच करायचे. तुझ्या गॅरेजातल्या लहान लेथवर सगळं जमेल.

आधी एक ध्यानात घे. तुटक्या पिनीची हुबेहूब नक्कल करशील तर तिची झीजही नव्या पिनीत उतरेल. माप घ्यायचं ते न घासलेल्या जागेचं. पिनीचं टोक जिथे गच्च बसून राहतं, तिथे मायक्रोमीटर लाव. आणि विचार इंचात कर. झिजलेल्या जागी 9.4 मि.मी. भरलं तर ते मूळचं 3/8 इंच, म्हणजे 9.525 होतं. ज्याने ती पिन केली त्याच्या डोक्यात मिलिमीटर कधीच नव्हता. आट्यांचंही तसंच. डाय बसते तिथले आटे बहुतेक अमेरिकन प्रेसना 7/8 इंच, इंचाला 14 असे असतात, त्याचा टॅप सहज मिळतो. पण लायमन कंपनीच्या 310 हत्याराच्या डायला 5/8 इंच, इंचाला 30 आटे असतात. ते बहुतेक लेथवरच पाडावे लागतात. म्हणून आधी थ्रेड गेज लावून बघायचं. अंदाजाने टॅप घातलास तर बिडातले मूळचे आटे जातील, आणि ते परत मिळत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. कोणत्या भागाने झिजायचं, हे आपण ठरवायचं. फ्रेम, रॅम आणि लिंक हे न मिळणारे भाग. त्यांनी झिजता कामा नये. लिंकचं भोक अंडाकृती झालं असेल तर जाड पिन ठोकून वेळ मारून नेऊ नकोस. रीमर फिरवून भोक गोल कर आणि बेअरिंग ब्रॉन्झचा बुश बसव. पिन ओ-1 ड्रिल रॉडची कर. भट्टीत साधारण 800 अंश सेल्सिअसला तापवून तेलात बुडव, मग 200 अंशाला टेम्पर कर. अर्ध्या इंचाच्या पिनीला एक ते दोन हजारांश इंचाची मोकळीक पुरते. पुढे झिजेल तो बुश, आणि तो एका संध्याकाळी नवा करता येतो. दोन्ही बाजूंच्या लिंक एकत्र आवळून एकाच दमात रीमर चालव. भोकांमधलं अंतर केसभर जरी वेगळं राहिलं तरी रॅम एका बाजूला ओढला जातो, आणि मग दोष डायमध्ये शोधत बसशील.

रॅम थोडा डुलतो म्हणून घाबरू नकोस. काडतुसाच्या पुंगळीला सरळ करण्याचं काम बरंचसं डायच करते. तेवढ्यासाठी फ्रेम बोअर करणं मला अजिबात मान्य नाही. झीज थांबवायची तर तिचं कारण काढ: वापरलेल्या प्रायमरची काजळी रॅमवर पडते आणि पॉलिश पेपरसारखी घासत राहते. ती ओल्या फडक्याने पूस. कॉम्प्रेसरची हवा मारू नकोस. त्या धुळीत शिसं असतं, ते छातीत जातं. काम झालं की हात साबणाने धू.

प्रायमरच्या हाताला मात्र पूर्ण वेळ दे. लहान प्रायमरचा व्यास 0.175 इंच, मोठ्याचा 0.210. पंचाचं तोंड सपाट, अक्षाला काटकोनात आणि गुळगुळीत हवं. मधे उंचवटा राहिला तर सगळा दाब एका बिंदूवर येतो, आणि प्रायमर दाबानेच पेटू शकतो. कडेची वाटी इतकीच सैल ठेव की प्रायमर आपसूक खाली बसेल, तिरका होणार नाही. स्प्रिंग हलकी घे. हात मागे आला की झालं. बसलेला प्रायमर पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित आत असला पाहिजे. बोट फिरवलं की कळतं.

थ्री-डी प्रिंटरचा मोह तुला होईल. जुने प्रायमर झेलायची वाटी खुशाल प्रिंट कर. लिंक, पिन, पंच हे पोलादाचेच.

शेलहोल्डर करायला लगेच बसू नकोस. जुन्या काही हर्टर्स मॉडेलना त्यांचाच वेगळ्या घडणीचा शेलहोल्डर लागतो, नंतरच्यांना बाजारातला चालतो. तुझा रॅम कोणता आहे ते आधी बघ. आणि सुट्टीत पुण्याला येशील तेव्हा यातलं काही बॅगेत टाकू नकोस. इथे परवान्याशिवाय काडतूस भरणं गुन्हा आहे.

सगळं जोडलंस की पहिल्या फेऱ्या रिकाम्या पुंगळ्यांवर घे, प्रायमर नाही, दारू नाही. मग वापरलेले, विझलेले प्रायमर बसवून पाहा. प्रायमरचा हात दर वेळी त्याच जागी थांबतो अशी खात्री पटली की मगच जिवंत प्रायमर, आणि डोळ्यांवर चष्मा. प्रत्येक भागाचं रेखाचित्र काढ. माप, धातू, किती अंशाला टेम्पर केलं, सगळं त्यावर लिही आणि एक प्रत मला पाठव.