आंदणात गेलेली बेटे

आपल्या नगर जिल्ह्यातून किती तरी माणसे पोटासाठी मुंबईला जातात. ही मुंबई पूर्वी एक गाव नव्हती. समुद्रात सात बेटे होती. तिथे कोळी, भंडारी, आगरी लोक राहत. मासे धरीत, मीठ पिकवीत, भात लावीत. त्यांतले माहीम ही बिंबराजाची राजधानी होती, असे जुनी बखर सांगते. मग ही बेटे परक्यांच्या हाती कशी गेली? ते आपण पाहू.

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा इथला धनी होता. त्याला मोगल बादशहा हुमायूनची धास्ती होती. पोर्तुगीज तरी आपल्या बाजूला असावेत, म्हणून त्याने वसई आणि ही बेटे त्यांना लिहून दिली.

पुढे पोर्तुगालच्या राजालाच शेजाऱ्यांचे भय वाटू लागले. त्याला इंग्लंडची सोबत हवी होती. १६६१ साली त्याची बहीण कॅथरिन हिचे लग्न इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी ठरले. आंदणात मुंबई दिली! आपल्याकडे लग्नात भांडीकुंडी देतात, फार तर गाय देतात. इथे माणसांसकट गाव दिले. कोळ्याला कोणी विचारले नाही.

१६६२ साली इंग्रज ताबा घ्यायला आले, तर कागदावरून तंटा लागला. चतुःसीमा नीट लिहिलेल्या नव्हत्या. पोर्तुगीज म्हणाले, एकच बेट दिले. इंग्रज म्हणाले, सगळी दिली. शेवटी १६६५ साली ताबा मिळाला. मग इंग्रजांनी माहीमही बळकावले.

१६६८ साली चार्ल्सने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली. खंड किती? वर्षाला दहा पौंड! कंपनी व्यापाराला आली होती. तिने कोट बांधला, फौज ठेवली. याच कंपनीच्या फौजेने १८०३ च्या ऑगस्टात शिंद्यांकडून आपला नगरचा किल्ला घेतला.

मंडळी, बेटे तलवारीने नाही, आधी कागदाने गेली. कागद दूर देशी झाला, रयतेला तो दिसलाही नाही. आज आपल्या जमिनीचा कागद आपल्यासमोर येतो. मग आंगठा कशाला उठवायचा? आधी वाचावे. नाव कोणाचे, गट नंबर कोणता, चतुःसीमा काय, ते पाहावे. मगच सही करावी.

नवे शब्द : आंदण, खंड, चतुःसीमा, ताबा.

सांगा पाहू :
१. बहादूरशहाने बेटे का दिली?
२. इंग्रज आणि पोर्तुगीज यांचा तंटा कशावरून झाला?
३. घरचा सात-बारा काढा. त्यातली नावे मोठ्याने वाचा.