प्रोजेक्ट मॅनेजमेंटची लेखी परीक्षा : ‘यादी द्या’ आणि ‘स्पष्ट करा’

वाङ्मय मंडळाच्या मॅडमचा फोन आला तेव्हा मी जरा चाचरलेच. म्हटलं, “मॅडम, कविता-बिविता सोडून बरीच वर्षं झाली. आता दिवसभर वेळापत्रकं आणि खर्चाचे तक्ते करते.” त्या म्हणाल्या, “मग त्यावरच लिही की. शेवटच्या वर्षाची मुलं हल्ली या परीक्षांबद्दलच विचारतात.” म्हणून हा लेख. मॅडमना फोनवर सांगितलं नव्हतं, ते इथे आधीच सांगून टाकते. या परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले होते. आणि त्याचं कारण मी बरेच दिवस चुकीचं धरून बसले होते.

परीक्षा कोणती?

प्रकल्प व्यवस्थापनाच्या परीक्षा घेणाऱ्या दोन मोठ्या संस्था आपल्याकडे माहीत आहेत. एक अमेरिकेतली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, स्थापना १९६९. तिची पीएमपी ही परीक्षा कामाचा अनुभव असलेल्यांसाठी आहे. नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी तिचीच सीएपीएम आहे. तिला अनुभवाची अट नाही, पण या विषयाचं २३ तासांचं प्रशिक्षण झालेलं लागतं. या दोन्ही परीक्षा संगणकावर पर्याय निवडून द्यायच्या.

दुसरी संस्था ब्रिटनमधली, असोसिएशन फॉर प्रोजेक्ट मॅनेजमेंट. ती १९७२ साली सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिला राजसनद मिळाली. तिची पीएमक्यू ही परीक्षा मी दिली. आमच्या पुण्याच्या ऑफिसात ब्रिटनमधल्या रस्ते-पुलांची कामं येतात, म्हणून आम्हा काही जणांना कंपनीनं बसवलं. मी बसले तेव्हा ती हातानं लिहायची परीक्षा होती. वेळ तीन तास, प्रश्न १६, त्यातले कोणतेही १० सोडवायचे. प्रत्येक प्रश्नाला ५० गुण आणि उत्तीर्ण व्हायला ५५ टक्के. आता तिचं स्वरूप बदललंय, तेव्हा बसणाऱ्यानं चालू अभ्यासक्रम बघूनच तयारी करावी. पण लिहून उत्तर द्यायची कोणतीही परीक्षा असो, अगदी तुमचा बीबीए किंवा एमबीएचा पेपर असो, पुढचं सगळं तिथेही लागू पडेल.

मी नापास का झाले?

माझी शाळा मराठी माध्यमाची. ऑफिसातले बरोबरचे बहुतेक जण इंग्रजी माध्यमाचे. निकालाची मेल आली तेव्हा ते पास आणि मी नापास. मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आपलं इंग्रजी कमी पडलं. दोन आठवडे मी व्याकरणाचं पुस्तक घेऊन बसले. दुसऱ्या वेळची फी मला स्वतःच्या खिशातून भरायची होती, आणि पुन्हा नापास झाले तर ऑफिसात काय तोंड दाखवू, या विचारानं झोप येत नव्हती.

शेवटी शिकवणीच्या बाईंना मी सरावाची उत्तरं दाखवली. त्यांनी एकाही ठिकाणी व्याकरणाची चूक काढली नाही. एका उत्तरावर बोट ठेवून विचारलं, “प्रश्नात काय करायला सांगितलंय?” मी वाचलं, “एक्स्प्लेन.” “आणि तू काय केलंयस?” मी बघितलं. नुसती यादी केली होती.

मला आपल्या कॉलेजातला मराठीचा तास आठवला. सर नेहमी बजावायचे, “‘टीप लिहा’ म्हटलं की टीप लिहा, ‘कारणे द्या’ म्हटलं की कारणं द्या. विषय येतो म्हणून वाट्टेल ते लिहू नका.” तेच मी विसरले होते.

प्रश्नातलं क्रियापद

तर पहिला धडा हा. प्रश्नातलं क्रियापद आधी शोधायचं आणि त्याच्याखाली रेघ मारायची.

‘लिस्ट’ किंवा ‘स्टेट’ म्हणजे यादी द्या. एक शब्द किंवा एक ओळ पुरे. इथे परिच्छेद लिहिला तर वेळ गेला.

‘डिस्क्राइब’ म्हणजे वर्णन करा. ती गोष्ट काय आहे, तिच्यात काय काय येतं, ते दोन-तीन वाक्यांत.

‘एक्स्प्लेन’ म्हणजे स्पष्ट करा. इथे ‘का’ आणि ‘त्यामुळे काय’ आलंच पाहिजे. उदाहरण असलं तर फारच बरं.

एक नमुना बघू. प्रश्न असा : ‘प्रकल्पात जोखीम व्यवस्थापन करण्याचे चार फायदे स्पष्ट करा.’

माझं जुनं उत्तर : “धोके ओळखता येतात, खर्च वाचतो, वेळ वाचतो, सगळ्यांचा विश्वास वाढतो.” यात खोटं काहीच नाही, पण ही नुसती यादी झाली.

आता त्यातला एकच फायदा नीट लिहू : “जोखीम आधी ओळखली, तर राखीव निधी किती ठेवायचा ते विचारपूर्वक ठरवता येतं. उदाहरणार्थ, पुलाच्या पायाचं काम पावसाळ्यात येणार असेल, तर पाणी उपसण्याचा आणि बंद पडून राहिलेल्या यंत्रांच्या भाड्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरता येतो. त्यामुळे काम थांबलं तरी ऐनवेळी जादा पैसे मागायची पाळी येत नाही.”

मुद्दा, तो कसा घडतो, आणि त्यामुळे काय होतं. तीन वाक्यं. फायदे चार विचारलेत, म्हणजे असे चार छोटे परिच्छेद. पाचवा लिहू नका, त्याला गुण नाहीत.

आईची शिकवणी

व्याख्या मात्र मला काही केल्या लक्षात राहत नव्हत्या. सुट्टीत बेळगावला घरी आले होते. ताईचं लग्न ठरलं होतं, घरभर याद्या पडलेल्या आणि मी कोपऱ्यात पाठांतर करत बसलेली. आई म्हणाली, “काय घोकाय लागलीस ग मघापासनं? मला सांग की मराठीत.”

मी सांगितलं, “स्टेकहोल्डर म्हणजे ज्यांचं या कामात काही गुंतलंय, किंवा ज्यांच्यावर या कामाचा परिणाम होतो ते सगळे.”

“म्हणजे आपले पै-पाहुणे?”

“हो. पण तेवढेच नाहीत.”

आई जरा थांबली. “मग शेजारच्या काकूबी आल्या की यात. मांडव त्यांच्या दारापर्यंत जाणार आहे. त्यांना आधी विचाराय पाहिजे.”

परीक्षेत या प्रश्नावर बरेच जण फक्त ग्राहक आणि मालक लिहितात. काम आपलं नसून ज्याला त्रास होणार, तो सुटतो. आईच्या तो पहिल्या फटक्यात ध्यानात आला.

मग ‘रिस्क’ आणि ‘इश्यू’ यांतला फरक. मांडे करणाऱ्या बाई ऐनवेळी आजारी पडल्या तर, ही रिस्क. अजून घडलेलं नाही, घडेल किंवा घडणारही नाही. बाई आजारी पडल्याच, आणि दुसरीकडून मांडे आणायला ठरलेल्यापेक्षा जास्त पैसे लागणार, हा इश्यू. पीएमक्यूच्या परिभाषेत इश्यू म्हणजे नुसती अडचण नव्हे. व्यवस्थापकाला दिलेली खर्चाची किंवा वेळेची मर्यादा जी अडचण ओलांडते किंवा ओलांडायच्या बेतात असते, आणि म्हणून जी वरच्या माणसाकडे, स्पॉन्सरकडे न्यावी लागते, ती. आई म्हणाली, “म्हणजे ते तुझ्या बाबांच्यावर जाणार.” बरोबर. आमच्या घरचे स्पॉन्सर बाबाच.

तेव्हापासून मी प्रत्येक संकल्पना आधी मराठीत, घरातल्या उदाहरणानं सांगून बघायची आणि मगच इंग्रजीत लिहायची. मराठीत सांगताना अडखळले, तर ती मला समजलेली नाही हे लगेच कळायचं. इंग्रजीत घोकलेलं वाक्य मात्र न समजताही बिनचूक म्हणता येतं. पेपरात उदाहरण लग्नाचं न देता पुलाचं दिलं, एवढाच फरक.

नेटवर्कचं गणित

क्रिटिकल पाथची पद्धत १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांमधल्या लोकांनी काढली. या गणितात गुण हमखास मिळतात, म्हणून ते सोडू नका. वाङ्मय मंडळाच्या मराठी भाषा गौरव दिनाचंच उदाहरण घेऊ.

क : विषय व पाहुणे ठरवणे, ३ दिवस.
ख : पाहुण्यांची संमती मिळवणे, ५ दिवस, क नंतर.
ग : पत्रिका छापणे, ४ दिवस, ख नंतर.
घ : पत्रिका वाटणे, २ दिवस, ग नंतर.
च : अभिवाचनाची तालीम, ९ दिवस, क नंतर.
छ : रंगमंचाची सजावट, ३ दिवस, ख नंतर.
ज : रंगीत तालीम, १ दिवस, च आणि छ दोन्ही झाल्यावर.

सगळ्यात लांब काम कोणतं? तालीम, नऊ दिवस. म्हणून सगळे तालमीच्या मागे लागतात. आता वाटा मोजू. क-ख-ग-घ म्हणजे १४ दिवस. क-च-ज म्हणजे १३. क-ख-छ-ज म्हणजे १२. सगळ्यात लांब वाट पहिली, तोच क्रिटिकल पाथ. म्हणजे पाहुण्यांची संमती एक दिवस उशिरा आली की कार्यक्रमच एक दिवस पुढे जाईल. तालीम मात्र एक दिवस लांबली तरी चालेल.

या मोकळ्या दिवसाला फ्लोट म्हणतात. तालमीचा एकूण फ्लोट १. सजावट आठव्या दिवसाअखेर सुरू होऊन अकराव्या दिवसाअखेर संपते. रंगीत तालीम तालमीमुळे बाराव्या दिवसाअखेरीशिवाय सुरू होत नाही. म्हणून सजावट एक दिवस लांबली तरी पुढच्या कामाला धक्का नाही. हा झाला तिचा फ्री फ्लोट, १. कार्यक्रमाची तारीख न हलवता मात्र ती दोन दिवस लांबू शकते. हा तिचा एकूण फ्लोट, २. या दोन फ्लोटांत गल्लत करून मी पहिल्या वेळी हातातले गुण घालवले होते.

घड्याळ

तीन तास म्हणजे १८० मिनिटं, प्रश्न दहा. एकाला १८ मिनिटं. पहिल्या वेळी मी आवडत्या दोन प्रश्नांवर तासाहून जास्त वेळ घालवला आणि शेवटच्या तिघांना तीन-तीन ओळी मिळाल्या. कोणत्याही उत्तरातले सुरुवातीचे गुण लवकर मिळतात, शेवटच्या चार-पाच गुणांना फार वेळ लागतो. म्हणून दुसऱ्या वेळी ठरवलं : प्रश्न निवडायला दहा मिनिटं, प्रत्येक उत्तराला सोळा, उरलेली दहा तपासायला. सोळा मिनिटं झाली की वाक्य पुरं करायचं, थोडी जागा सोडायची आणि पुढे जायचं.

आणखी एक. कीबोर्डाची सवय झालेला हात तीन तास लिहीत नाही. दीड तासातच माझी बोटं आखडली होती. म्हणून नंतर सहा आठवडे रोज एक उत्तर घड्याळ लावून पेननं लिहिलं, आणि शेवटचे दोन रविवार पूर्ण पेपर.

दुसऱ्या वेळी पास झाले. इंग्रजी होतं तेवढंच होतं. आईला फोन केला तेव्हा ती म्हणाली, “मग माझी फी?” ताईच्या लग्नातली मांडव-मांड्यांची यादी अजून माझ्या वहीत, व्याख्यांच्या शेजारी, तशीच आहे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुला-मुलींनो, इंग्रजी सुधारत राहा, त्याला ना नाही. पण नापास झालात तर आधी आपलं उत्तर पुन्हा वाचा. प्रश्नात क्रियापद कोणतं होतं, तेवढं बघा. मग पुढची फी भरा.