कारागिराचे आजारपण आणि आपला हिशेब

अंधेरी-घाटकोपरच्या कारखान्यांत कारागीर आजारी पडला की मालकाकडे उचल मागतो. उचल फिटत नाही, कारागीर गावी निघून जातो. नुकसान दोघांचेही होते. यावर १९४८ च्या कायद्याने आलेली राज्य कामगार विमा योजना हा उपाय आहे.

दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्याला ती लागू होते. पगाराची मर्यादा २१,००० रुपये. जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. म्हणजे १६,००० पगारावर आपले ५२० रुपये व त्याचे १२०. त्यात त्याच्यासह कुटुंबाचा उपचार होतो. वर्गणी नियमित असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरीही मिळते. कांदिवली व मुलुंडला योजनेची रुग्णालये आहेत. तेथे रांग असते हे खरे, पण खासगी बिलापुढे ती परवडते.

काही जण हजेरीपटावर नऊच नावे लिहितात. तो गुन्हा तर आहेच, शिवाय तोट्याचा व्यवहार आहे. माणसे खरोखर दहाहून कमी असतील, तर पालिकेचे राजावाडी किंवा कूपर रुग्णालय गाठावे. बांधवांनी या महिन्यात आपला हजेरीपट एकदा तपासावा, अशी आमची विनंती आहे.