नकाशाचा दुभाषी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लिहावे, हे थोडे धाडसच. पण प्रकल्पासाठी बेळगावच्या बाजारातील दुकानांच्या जागा मी एका जुन्या जीपीएस यंत्रात नोंदविल्या होत्या. त्या उतरवून घेणारा ‘मॅपसोर्स’ हा प्रोग्रॅम विंडोजसाठी केलेला, आणि माझ्या संगणकावर उबुंटू लिनक्स.

तेथे ‘वाइन’ कामी आले. १९९३ साली सुरू झालेले हे साधन विंडोजचा अख्खा संगणक उभा करीत नाही. फाईल उघड, खिडकी दाखव, अशी प्रोग्रॅमची प्रत्येक मागणी ते लिनक्सला कळेल अशा रीतीने सांगते. कचेरीत आजीचे मराठी मी कन्नडमध्ये सांगतो, तसेच हे.

नकाशा दिसला, यंत्र मात्र सापडेना. दोन दिवस मी केबललाच दोष देत होतो. प्रोग्रॅम शोधत होता ‘कॉम १’, आणि लिनक्समध्ये त्याच केबलचे नाव ‘टीटीवाय-यूएसबी-०’! वाइनच्या नोंदवहीत ‘कॉम १’समोर ते नाव लिहिले. तरीही नाही. ती केबल वापरण्याचा अधिकार ‘डायलआउट’ गटाला असतो, आणि त्या गटात माझे नावच नव्हते. ते घातले, पुन्हा लॉगिन केले, तेव्हा कुठे दुकाने उतरली.

लगेच त्यांची जीपीएक्स प्रत काढून ठेवली. ती साधी अक्षरी फाईल. लिनक्सवरचे क्यूजीआयएस ती दुभाष्याविनाच वाचते.