सरकीवरचा धागा

आमच्या येळ्ळूरच्या शिवारात भात पिकते, कापूस नाही. कापसाची ओळख मला झाली ती मोठ्या आत्यामुळे. तिला बैलहोंगल तालुक्यात, काळ्या रानाच्या गावी दिली आहे. लहानपणी तिच्या घरी गेलो असता शेजारीण म्हणाली, "हत्ती बिडसाक होग्यार." मी हत्ती पाहायला धावलो! कानडीत हत्ती म्हणजे कापूस, हे त्या दिवशी कळले.

काही वर्षांपूर्वी आत्याच्या यजमानांनी खर्च वाचावा म्हणून संकरित कापसाचीच सरकी राखून पेरली. झाडे एकसारखी आली नाहीत. काही कमरेइतकी, काही डोक्यावर गेलेली, तर काहींना बोंडेच थोडी. व्यापाऱ्याने मूठभर कापूस बोटांनी ओढून पाहिला आणि भाव पाडला. आत्याने मला विचारले, "तू कॉमर्स शिकतोस न्हवं? मग दरसाल पाकीट का घ्यायचं ते सांग." उत्तर वाणिज्याच्या पुस्तकात नव्हते.

कापसाचा प्रत्येक तंतू ही सरकीच्या सालीवरची एकच पेशी असते. फूल उमलते त्याच दिवशी सालीवरच्या साधारण चौथा हिस्सा पेशी वाढू लागतात. सुमारे तीन आठवडे त्या नुसत्या लांब होतात. या दिवसांत पाण्याचा ताण पडला, की धागा आखूड राहतो. लांबी थांबत येते तशी आतून सेल्युलोजची पुटे चढू लागतात, त्यावर धाग्याची जाडी आणि मजबुती ठरते. बोंड फुटल्यावर तंतू वाळतो, चपटा होतो आणि त्याला पीळ पडतात. हे पीळ आहेत म्हणून सूत कातता येते.

पाऊसपाणी सारखे असले तरी लांबीची मर्यादा जात ठरवते. लागवडीच्या कापसाच्या चार जाती. दोन देशी, त्यांची गुणसूत्रे २६. दोन अमेरिकेकडच्या, त्यांची ५२. देशी आणि अमेरिकन यांचा संकर सहसा वांझ निघतो; पण ५२ वाल्या दोघींचे जुळते. एक भरपूर पिकणारी, दुसरी लांब धाग्याची. आपल्या शेजारच्या धारवाडला डॉ. कटारकी यांनी या दोघींचा संकर करून १९७२ साली 'वरलक्ष्मी' दिली. १९८१ साली तिथूनच 'जयलक्ष्मी', म्हणजे डीसीएच-३२, आली. त्याआधी १९७० साली सुरतेस सी. टी. पटेल यांचा एच-४ आला होता. तो अमेरिकन जातीतल्या जातीतला संकर.

संकराचे बी हाताने करतात. संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या जातीचे पराग लावायचे. एकेका कळीमागे ही मजुरी. बियाणे महाग होण्याचे ते एक कारण. पहिल्या पिढीत प्रत्येक झाडाला दोन्ही घराण्यांचा सारखा वाटा मिळतो, म्हणून रान एकसारखे दिसते. त्याच झाडांची सरकी पेरली, की पत्ते पुन्हा पिसले जातात. कुणाला आईची उंची, कुणाला बापाचा धागा, कुणाला दोघांचे उणे. बाजारात मात्र लांब-आखूड मिसळलेल्या रुईला आखडत्या हाताने भाव मिळतो, कारण गिरणीत ती तुटते.

आत्याला हे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे दुकानाची वाट सुटत न्हाई." देशी 'जयधर'ची सरकी राखता येते, पण तिचा धागा आखूड, भावही तसाच. यंदाही घरात पाकिटेच आली. बांधाकडेच्या दोन ओळी तेवढ्या आत्याने जयधरच्या धरल्या आहेत, देवापुढच्या वातींसाठी.